आयात करू का?

सकाळी साडेनऊला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
यंत्रमाग कधीचे बोलायला लागलेले असतात
आणि माझा कॉम्प्युटर अजून गोल गोल फिरत असतो.
तेवढ्यात मी टेबलावरचा सुताचा भुगा पुसते,
(रोज पुसते, रोज तेवढाच असतो)
खालून बाटली भरून आणते,
आणि पडद्यावरच्या निळ्या ‘ई’ला एक शिवी देते,
तेलुगूतली, आमच्या सासूबाईंसमोर
जिचा उच्चारही करता येत नाही.

अकरा वर्षं.
एक पान उघडेपर्यंत खाली एक टॉवेल विणून होतो.
हॅम्बुर्गचं गिऱ्हाईक विचारतं, जीएसएम किती?
माझं पान म्हणतं, थांबा.

काल टोनर भरायला व्यंकटेश कोंड्याल आला.
“काय करालालाव मॅडम? अजून हेच वापरालालाव?”
गाडीची किल्ली असल्यासारखा खिशातून पेन ड्राइव्ह काढला.
“मालकांना सांगा. पण उद्या सांगा.”
चहा निवायच्या आत
पृथ्वीभोवती शेपूट गुंडाळून झोपलेला एक कोल्हा
माझ्या टेबलावर राहायला आला.

आणि त्यानं विचारलं, चक्क मराठीत,
जुन्यातलं सगळं इकडं आणू का?
बुकमार्क. इतिहास. पासवर्ड.

इतिहास म्हटल्यावर मी जरा दचकले.
शाळेत तो नेहमी दुसऱ्यांचाच असायचा.
इथं माझा निघाला:
बारावीचा निकाल, एकाच दुपारी सतरा वेळा.
पुण्यात मुलींचं हॉस्टेल, भाडं.
पुण्यात मुलींचं हॉस्टेल, स्वस्त.
गुडघ्याचे व्यायाम, खुर्चीत बसून.
हॅम्बुर्गला आत्ता किती वाजले.
व्यंकटेश भला पोरगा. खिडकीबाहेर बघत होता.

मी म्हटलं, आण.

पासवर्डांच्या रांगेत सगळ्यात वर दुडम मामा.
पंख्याखालच्या या खुर्चीत माझ्याआधी तेच बसायचे.
रिटायर होऊन सहा वर्षं, जाऊन दीड.
पण सूत मागवायच्या साइटवर
आम्ही अजून त्यांच्याच नावानं आत जातो.
डी दाबला की नाव येतं,
नावामागं आठ काळे ठिपके आपोआप.
ठिपक्यांमागं काय आहे
हे मी कधी विचारलं नाही, दार उघडत होतं.

नव्यात ठिपक्यांशेजारी एक डोळा आहे.
त्यावर बोट गेलं. गेलं म्हणजे मीच नेलं.

४४१७४४१७.

हा त्यांचा बिल्ला नंबर.
साचेखात्यातला, मिल चालू होती तेव्हाचा.
डबा खाताना सांगायचे,
मिल बंद झाली तेव्हा बिल्ला परत करायला गेलो,
घ्यायला कुणी जागेवरच नव्हतं.
शेंगाची चटणी बोटानं पुसत सांगायचे
आणि हसायचे.
म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी
मी सूत मागवते तेव्हा
तो माणूस हजेरी लावतोय, दोनदा.

खाली लगेच लाल अक्षरं:
हा पासवर्ड कमकुवत आहे. बदलायचा का?
कोल्ह्याला काय माहीत.
मी ‘नंतर’ दाबलं.

दुपारी गजम शेठ आले, पडद्याकडं बघत उभे.
“हे काय आणलं?”
नवीन आहे. लवकर उघडतं.
“फुकट?”
फुकट.
“मग असू द्या की.”
एवढंच. मी उगाच रात्रभर वाक्यं जुळवली होती.

जुना काढला नाही. जकातीची एक साइट
त्याच्याशिवाय उघडतच नाही, अडून बसते.
तो आता कोपऱ्यात असतो,
महिन्यातून एकदा उठवायचा.

आज सकाळी बटण दाबलं आणि पान आलं.
बाटली रिकामी, भुगा तसाच,
शिवी जिभेवर अर्धी येऊन थांबलेली.
प्रिंटरकडं बघितलं.
त्यानं लगेच कागद अडकवला.